गोडी कुणाच्या वाट्याला

उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या द्यायचा, आणि कुठून आलात, काय काम काढलंत हे मागाहून विचारायचं, ही रीत आपल्याकडच्या पुष्कळ घरांत परवापरवापर्यंत होती. काही घरांत अजूनही आहे. प्रत्येक उंबऱ्यावर प्रत्येकाला तो तांब्या मिळत होता असं मात्र नाही. कुणाला ओंजळीत वरून पाणी, कुणाला तेही नाही, हेही याच रीतीच्या शेजारी नांदत होतं. म्हणून आयुष्याच्या वाटेवरच्या गोडीबद्दल बोलायचं, तर ती कुणाच्या वाट्याला येते हे विचारल्याशिवाय बोलू नये, असं मला वाटतं.

हे वाटणं पक्कं झालं ते करवीर तालुक्यातल्या, पंचगंगेकाठच्या एका गुऱ्हाळावर. तिथे एक चुलता आणि पुतण्या वाद घालत होते. तात्या सत्तरीकडे झुकलेले, जन्मभर गुळव्याचं काम केलेले. पुतण्या इंजिनिअर, पुण्याला नोकरी, सवड काढून गुऱ्हाळाचा हिशोब बघायला येणारा. मी त्याच्यासोबत गेलो होतो. फेब्रुवारीचे दिवस, हंगाम भरात, अंगणभर चिपाड वाळत पडलेलं. वाद गुऱ्हाळ चालू ठेवायचं की बंद करायचं एवढ्यावरूनच सुरू झाला होता.

"यंदाचा हंगाम शेवटचा करू, तात्या," पुतण्या म्हणाला. "ऊस कारखान्याला घालू. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्रानं एफआरपी धरली ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये. आपल्या भागाचा उतारा त्याहून वर असतो, म्हणजे दरही वर. तोडणी-वाहतूक वजा जाऊ दे. एकदा ऊस फडातून हलला की आपली काळजी संपली. इथं टनाला शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो, आणि त्यातून वीज, मजुरी, अडत, हमाली भागवायची. सौद्यात भाव चढला तर चार पैसे, पडला तर पदरचे."

"मग? आजवर असंच चाललंय की."

"तुम्ही ओढलंत म्हणून चाललं. माणसं मिळत नाहीत. गुळव्याचा पोरगा गुळव्या व्हायला तयार नाही. आपल्या घरातलाच बघा, मी झालो नाही."

"तू झाला न्हाईस त्याचं मला वाईट वाटत न्हाई," तात्या म्हणाले. "तू शिकलास ते चांगलं केलंस. पर काळजी संपली म्हंजे सगळं मिळालं, ह्ये तुला कुणी शिकवलं? काळजी संपवायला म्हणून का माणूस जगतंय?"

"दुसरं कशाला जगतंय?"

"जगताना तोंडात काय पडतंय ते बगायला."

पुतण्याला असली वाक्यं आवडत नाहीत. ती ऐकायला बरी वाटतात आणि त्यांच्यावर घर चालत नाही, असं त्याचं ठाम मत आहे, आणि त्या मतामागे त्याचं बालपण आहे. तो म्हणाला, "माझे वडील तुमचेच भाऊ. तेही हेच म्हणायचे. आजचा दिवस गोड करून घ्या, उद्याचं उद्या. मग कॉलेजच्या फीची वेळ आली तेव्हा दुभती म्हैस दावणीची सोडून बाजारात न्यावी लागली. आई त्या रात्री जेवली नाही. तात्या, त्या घरात गोडीला कधीच तोटा नव्हता. तोटा पैशाला होता."

तात्या यावर लगेच बोलले नाहीत. काहिलीत रस पडत होता आणि त्यांचं लक्ष तिकडे गेलं होतं.

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्या काहिलीभोवतीच झाला. चरकातून निघालेला रस हौदात आणि हौदातून काहिलीत येतो तेव्हा तो हिरवट, मातकट असतो. त्यात ऊस असतो तसं शेतही असतं. खाली चुलवाण पेटतं. उसाचंच पिळून वाळलेलं चिपाड त्याचं जळण. रसाचा आंबटपणा मोडायला थोडा चुना जातो. मग रानभेंडीची खोडं चेचून काढलेला बुळबुळीत चिकट रस. जाळ वाढतो तशी सारी घाण त्या चिकटात अडकून वर येते आणि मळीचा जाड थर धरतो. तो हलक्या हातानं, पुन्हा पुन्हा काढायचा. मळी निघाली की रस खळखळून उकळायला लागतो, फेस काठापर्यंत चढतो, शेंगतेलाचे चार थेंब पडले की खाली बसतो. दोन-अडीच तासांचं एक आदण. शंभराच्या पुढे पाच-सहा अंश चढले की काकवी, एकशे अठराच्या आसपास गूळ. तात्यांकडे थर्मामीटर नाही. बुडबुड्याचा आकार, वासातला बदल, फावड्यावरून ओघळणारी तार, आणि शेवटी थंड पाण्यात टाकलेली गोळी भांड्याच्या काठावर मारून होणारा आवाज, एवढ्यावर ते सांगतात. मग काहील उचलून वाफ्यात ओतायची, घोटायची, आणि फडकं अंथरलेल्या साच्यांत भरायची. पूर्वी तीस किलोचा रवा असे. आता दहा, पाच, एक किलोचे, आणि शहरासाठी वड्या.

जमीन चांगली असेल तर गूळ चांगला, हे गुळव्या मानतो. खारवट रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो, त्याला कुठलीही कारागिरी वाचवत नाही. पंचगंगेच्या गाळाची ही जमीन, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा हात, म्हणून शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली शाहूपुरीची पेठ गुळावर उभी राहिली, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. ही नदी देते तशी नेतेही. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी उसाच्या शेंड्यांवरून गेलं, पानांच्या सुरळीत गाळ बसला आणि उभा ऊस जागच्या जागी कुजला. त्या वर्षी तात्यांचं चुलवाण जेमतेम पेटलं. पुतण्यानं त्या हंगामाची आठवण काढली.

"त्या वर्षी कसली गोडी होती, सांगा."

"नव्हती," तात्या म्हणाले. "खोटं कशाला बोलू? त्या वर्षी कायच नव्हतं."

मला हे उत्तर फार आवडलं. दुःखातही गोडवा शोधा असं सांगणाऱ्या माणसांची मला धास्ती वाटते. काही वर्षं नुसती वाईट असतात, आणि ती वाईट होती असं म्हणू देणं हेही माणसाचा मान राखणं आहे. तात्यांनी तो राखला, स्वतःचा आणि पुतण्याचाही. त्यामुळे त्यानंतर ते जे बोलले ते मी जास्त विश्वासानं ऐकलं.

तेवढ्यात रस्त्यावरून शाळेतली पोरं आली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. चरकावरच्या माणसानं तांब्यानं रस वाटला. त्यांच्यामागून एक आजीबाई किटली घेऊन आल्या आणि काहिलीपासून लांब बसून राहिल्या. "थोडं थांबा, आक्का," तात्या म्हणाले, "आजून कच्ची हाय." मग एका क्षणी त्यांनी काहिलीतून काकवी काढून किटलीत ओतली आणि लगेच जाळ पुन्हा वाढवायला सांगितलं.

"ह्ये बग," ते पुतण्याला म्हणाले. "काकवी काढायचा टाइम केवढा? बोलता बोलता सरतोय. मी म्हणलो, आधी गूळ हुंद्या, सौदा हुंद्या, पैसं येऊ द्यात, मग आक्काला काकवी दिऊ. तर कुटनं देणार? तवर तिचा गूळ झालेला. गुळाची काकवी पुन्ना हुत न्हाई."

"पाण्यात विरघळवली की होते."

"ते गुळाचं पाणी. काकवी न्हवं ते. तुला ठावं हाय."

पुतण्याला ठाऊक होतं. तो गप्प राहिला, आणि तात्यांनी तेवढ्यात पुढचा प्रश्न टाकला. "तुझ्या फ्लॅटचं कर्ज कवा फिटायचं?"

"२०४१."

"आन् तवर?"

"तवर काम."

"पोरगी किती वर्साची हाय तुझी?"

"सातवं चालू आहे."

तात्यांनी बेरीज केली नाही. पुतण्यानं केली, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो रात्री घरी पोचतो तेव्हा मुलगी झोपलेली असते, हे त्यानं मला गाडीत सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, सगळ्यांचंच असं असतं अशा सुरात. पण त्याची बाजूही मला इथे सोडवत नाही. ज्या घरातून म्हैस गेली त्या घरातल्या मुलानं पैशाची भिंत आधी बांधायची ठरवली, तर त्याला जगण्यातली चव कळत नाही असं म्हणणं अन्याय आहे. ती भिंत मुलीसाठीच आहे. तो फक्त मुलीकडे पाठ करून ती बांधतो आहे.

आणि मग तो जे बोलला त्यानं वादाचा रंगच बदलला. "तात्या, तुमची काकवी, तुमचा रस, पोरांची गंमत, सगळं मान्य. पण तुम्ही वर उभे आहात. खाली बघा."

खाली चुलवाण्या होता. काहिलीच्या पलीकडे, जमिनीच्या खालच्या अंगाला, चुलवाणाच्या तोंडाशी बसून तो वाळलेलं चिपाड आत सारत होता. अंगावर घामाची आणि राखेची पुटं. जाळ एकसारखा ठेवणं हे त्याचं काम. जाळ कमी पडला तर आदण लांबतं, जास्त झाला तर करपतं. गूळ गुळव्याच्या नावानं ओळखला जातो, पण चुलवाण्याचा हात चुकला तर गुळव्याच्या हाताला अर्थ उरत नाही.

"त्या माणसाला विचारा, वाटेवर गोडी सापडते का," पुतण्या म्हणाला. "दिवसभर जाळापुढं. डोळे बघा त्याचे. वाटेतला गोडवा टिपा, हे आपण वरच्या लोकांनी एकमेकांना सांगायचं. त्याला सांगितलं तर ते त्याला गप्प बसवणं होईल."

"माझ्याकडं वाफ्यातला पयला गरम घास त्येचाच असतोय," तात्या म्हणाले. "इचार त्येला. मालकाच्या पोराला मागनं."

"घासानं त्याच्या पोराची फी भरत नाही."

हे वाक्य मला जाळाहून जास्त लागलं. तात्यांनाही लागलं असावं. ते बराच वेळ मळी काढत राहिले, निघण्याजोगी मळी उरली नव्हती तरीही.

मला स्वतःला इथेच या सगळ्या विषयाचं मर्म दिसतं. आपण गोडी शोधायची म्हणतो तेव्हा ती वाटेवर पडलेली असते आणि डोळस माणसाला ती दिसते, असं धरून चालतो. गुऱ्हाळावर तसं काही नसतं. तिथला प्रत्येक घोट कुणीतरी कुणासाठी तरी तयार केलेला असतो. पोरांचा रस चरकवाल्यानं, आक्कांची काकवी तात्यांनी, आणि दोन्ही शेवटी त्या चुलवाणाशी बसलेल्या माणसानं. मिळणाऱ्याला ती सापडल्यासारखी वाटते कारण देणारा त्याच्या नजरेच्या खालच्या अंगाला बसलेला असतो. मला वाटतं, गोडीवरचा हक्क तिथून सुरू व्हायला हवा, आणि तो हक्क घासाचा तर हवाच, पण आधी दामाचा हवा.

तात्या पुन्हा बोलले ते वेगळ्याच गोष्टीवर. "मी गूळ खातोय का?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. पुतण्यानं सांगितलं, तात्यांना मधुमेह आहे. गुळाचा खडाही डॉक्टरांनी बंद केलाय. गूळ साखरेपेक्षा बरा म्हणून मधुमेह्यानं खावा, हा समज तात्यांनी स्वतःच्या रक्ताच्या तपासणीत खोटा ठरताना पाहिला आहे.

"दा वर्सं झाली जिबंला लावला न्हाई," तात्या म्हणाले. "पारख करतो ती नाकानं आन् कानानं. तरी मला कुणी म्हणलं, तात्या, तुमच्या कामात आता काय गोड उरलंय, तर मी काय सांगू? आक्का किटली घिऊन बसती का न्हाई, ती बसली की मला बरं वाटतंय. माझ्या तोंडात पडत न्हाई म्हणून ते माझं न्हवं, असं मला कधी वाटलंच न्हाई."

"ते तुमचं मन मोठं आहे म्हणून," पुतण्या म्हणाला.

"मन बिन काय न्हाई. सवय हाय. ल्हानपणापासून लागली की लागती. तुज्या पोरीला लाव."

"आणि चुलवाण्याला? त्यालाही हीच सवय लावायची, की दुसऱ्याच्या तोंडातली गोडी आपली मानायची?"

"न्हाई," तात्या म्हणाले, आणि हा नकार त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच इतका सरळ आला. "त्येला न्हाई. त्येला पगार वाढवायला पायजे. ते तुजं खरं हाय. मला आधी सुचाय पायजे हुतं."

पुतण्याला हे अपेक्षित नव्हतं. तो वाद जिंकायला आला होता आणि जिंकल्यावर काय करायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. मग तो त्याच्या पद्धतीनं बोलायला लागला, म्हणजे आकड्यांत. पगार वाढवायचा तर पैसा कुठून? गुळाचा भाव वाढायला हवा. भाव कशावर ठरतो? रंगावर. कोल्हापूरचा गूळ फार मोठ्या प्रमाणात गुजरातेत जातो, आणि तिथे पिवळाधमक मागतात. पिवळेपणासाठी काही गुऱ्हाळांत हायड्रॉस पावडर टाकतात. काही ठिकाणी रसात साखरच ओततात. तात्या दोन्ही करत नाहीत. त्यांचा गूळ तपकिरी, ठेवला की आणखी गडद होणारा. सौद्यात त्याला मागं सारतात.

"पावडर टाकू का मग?" तात्यांनी विचारलं. पुतण्या काय म्हणतो हे त्यांना खरोखर ऐकायचं होतं.

"नको. माझी मुलगी खाते तो गूळ."

"मग?"

"सौद्याला पाठवायचा कमी करू. पुण्यात लोक बिनपावडरीचा गूळ शोधत फिरतात, आणि सौद्यापेक्षा बरेच जास्त पैसे देतात. रव्याऐवजी वड्या, आणि काकवी बाटलीत. मी माझ्या सोसायटीपासून सुरू करतो. शनिवारी मीच पोचवीन."

"तुला सवड हाय का?"

"काढावी लागेल. मुलीला घेऊन जाईन गाडीत."

तात्या काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना हवं होतं ते एवढंच असावं; गुऱ्हाळ टिकण्यापेक्षाही हे. पण ते मी माझ्या मनानं म्हणतो आहे.

काहील उतरायची वेळ झाली. गोळी पाण्यात पडली, भांड्याच्या काठावर वाजली, तात्यांनी हात वर केला, चौघांनी काहील धरून वाफ्यात ओतली. चुलवाण्या वर आला. त्याला घास मिळाला, शेंगदाण्यांबरोबर, आणि तो भिंतीच्या सावलीला जाऊन खात बसला. पुतण्या त्याच्याजवळ जाऊन बसला आणि रोजाची चौकशी करू लागला. किती मिळतो, किती दिवस, हंगाम संपल्यावर काय. चुलवाण्यानं आधी संशयानं पाहिलं, मग सांगितलं. त्याच्या थोरल्या मुलीची बारावी होती. पुतण्यानं सारं टिपून घेतलं.

परत येऊन त्यानं तात्यांपुढे वही उघडली. एका बाजूला खर्च लिहिले: वीज, चुना, तेल, फडकी, मजुरी. चुलवाण्याची मजुरी त्यानं वाढवून लिहिली, आणि तात्यांनी ती आणखी थोडी वाढवायला लावली. मग पुतण्या म्हणाला, "पोरांना वाटला तो रस, आक्कांची काकवी, वाटसरूंना देता तो गूळ, हेही खर्चात धरतो."

"ते धरू नगो," तात्या म्हणाले. "दिलेल्याचा कुटं हिशोब ठेवत्यात का?"

"धरणार. आजवर धरला नाही म्हणून तोटा कुठून येतो ते कुणाला कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून सगळं गुऱ्हाळच बंद करायची भाषा मी केली. आकडा वहीत असला तर उद्या तुम्ही नसताना कुणी तो कापायला निघालं, तर मी दाखवीन की एवढ्याशानं काही अडत नाही."

"दिलेलं ल्हिवू नये," तात्या पुन्हा म्हणाले.

"मी लिहिणार," पुतण्या म्हणाला, आणि त्यानं विचारलं, "पोरं रोज किती येतात? अंदाजे सांगा."